धुक्यातले चारशे बारा

पक्षी मोजायला दोन माणसं लागतात. एक पाहतो आणि बोलतो, दुसरा लिहितो. पाहणाऱ्याने दुर्बीण डोळ्यांवरून काढायची नाही, नाहीतर मोजलेले पक्षी पुन्हा मोजले जातात. लिहिणाऱ्याने मान वर करायची नाही, नाहीतर रकाना चुकतो. कमलाकांत आणि चारुशीला या नवराबायकोने एकोणीस वर्षं हे काम असंच केलं. ती पाहायची, ते लिहायचे.

कमलाकांतांना ते कधी जड गेलं नाही. अमरावतीच्या कोर्टात त्यांची अख्खी नोकरी साक्षी टाइप करण्यात गेली होती. साक्षीदार बोलतो, न्यायाधीश सांगतात, आपण टाइप करायचं. साक्ष खरी की खोटी हे बघायला दुसरी माणसं असतात. चारुशीला शाळेत जीवशास्त्र शिकवायची आणि पक्ष्यांचं वेड तिचं होतं. दर जानेवारीत दुसऱ्या रविवारी मूर्तिजापूरच्या पुढे बेलसऱ्याच्या तलावावर ती पाळीवर, म्हणजे तलावाच्या मातीच्या बांधावर, घडीची खुर्ची टाकून बसायची आणि हे शेजारी सतरंजीवर, मांडीवर वही घेऊन. तलवार बदक, तीस. थापट्या, बारा. चांदवा, दोनशे चाळीस. एकोणीस वर्षांत हजारो पक्षी त्यांच्या पेनाखालून गेले, पण त्यातला एखादा समोर येऊन उभा राहिला असता तर त्यांना ओळखता आला नसता. मुलगी जुईली म्हणायची, बाबांना बदकं फक्त शुद्धलेखनापुरती माहीत आहेत.

चारुशीला गेल्या मार्चमध्ये गेली. आजार दीड वर्षाचा होता, त्यामुळे अचानक असं काही झालं नाही. एप्रिलमध्ये चष्म्याच्या दुकानातून फोन आला की बाईंचा नवा चष्मा तयार आहे. कमलाकांत गेले, पावती दाखवली, चष्मा घेऊन आले. तो अजून डबीतच होता.

डिसेंबरात दामिनीचा फोन आला. दामिनी चारुशीलेची विद्यार्थिनी, आता अकोल्याला कॉलेजात प्राणिशास्त्र शिकवते. जिल्ह्यातल्या तलावांची मोजणी तीच बघते. ती म्हणाली की बेलसऱ्याचं हे विसावं वर्ष आहे, ते चुकवायचं नाही. या वेळी ती बोलेल, काकांनी लिहायचं. कमलाकांत बरं म्हणाले. मोजणीच्या रविवारी पहाटेच्या एसटीने ते मूर्तिजापूरला उतरले तेव्हा दामिनी स्टँडबाहेर गाडी घेऊन उभी होती. त्यांच्या पिशवीत गेल्या चार-पाच वर्षांची चालू वही होती, चारुशीलेची दुर्बीण होती आणि आणखी एक जुनी वही होती. जुनी वही का घेतली, हे त्यांनी स्वतःलाही नीट विचारलं नव्हतं.

गाडीत दामिनीने सगळं सांगितलं. आठवड्यापूर्वी ती सहज एक चक्कर मारून गेली होती. पट्टकदंब, ते थंडीत येणारे हंस, जेमतेम साठ दिसले. गेल्या वर्षी चारशे बारा होते. एका वर्षात एवढी पडझड कशी होते? तिच्या मते कारण उघड होतं. तलाव पक्ष्यांसाठी राखीव झाला असला तरी पाणी ओसरल्यावर उघड्या पडणाऱ्या गाळाच्या जमिनीत पेरा करायला पाटबंधारे खातं अजून परवानगी देतं. गुलाम नबी तिथे वर्षानुवर्षं हरभरा आणि टरबूज लावतो. यंदा त्याने आणखी दोन एकर घेतले आणि पाण्याच्या काठाला डिझेल इंजिन बसवलं. दामिनीने पत्र तयार ठेवलं होतं. आजचा आकडा भरायचा आणि सोमवारी खात्याला द्यायचं. नबीचा गाळपेरा बंद होईल.

"मला त्यांचं वाईट वाटते, काका," ती म्हणाली. "पण मॅडमचा चारशे बाराचा आकडा आहे माझ्याकडे. त्याच्यापुढे कोणी काही बोलू शकत नाही."

मग तिने दुसरी बातमी दिली. पाळीवर लोखंडी मनोरा उभा राहतो आहे, पक्षी बघायला. त्याला चारुशीलेचं नाव द्यायचं ठरलं आहे. पाटी रंगवून झाली आहे. कमलाकांतांनी खिडकीतून बाहेर पाहिलं. तुरीच्या शेतात तीन रोही, म्हणजे नीलगाई, उभे होते, गाडीकडे बघत. दामिनीने गाडी हळू केली आणि पुन्हा वेग घेतला.

चारशे बाराचा आकडा खोटा होता. हे जगात एकट्या कमलाकांतांना माहीत होतं, निदान त्यांची तशी समजूत होती.

गेल्या वर्षी चारुशीलेने हट्टच धरला होता. डॉक्टर नको म्हणाले, जुईली पुण्याहून फोनवर ओरडली, तरी ती निघाली. कमलाकांतांनी टॅक्सी केली. पाळीवर तिला खुर्चीत बसवून अंगावर दोन शाली टाकल्या. धुकं इतकं होतं की पाण्याचा काठही दिसत नव्हता. थांबू या, म्हणाले ते. ती म्हणाली, लिही. आणि तिने सांगायला सुरुवात केली. कमलाकांतांनी मान खाली घातली आणि लिहिलं. एरवी ती दहादहाने मोजायची, मध्ये थांबायची, पुटपुटायची. त्या दिवशी आकडे सरळ येत होते. एकतीस जाती झाल्या. शेवटी ती म्हणाली, "कोल्हा, एक. पाळीवर." आणि हसली.

पाळीवर तर ते दोघं बसले होते. कोल्हा आला असेल तर पाचपन्नास पावलांवर असणार, धुक्यातही दिसणार. एकोणीस वर्षांत पहिल्यांदा कमलाकांतांनी लिहिता लिहिता मान वर केली. कोल्हा नव्हता. दुर्बीण तिच्या मांडीवर शालीत होती आणि तिचे डोळे मिटलेले होते.

"रोही, तीन. तुरीत," ती म्हणाली.

त्यांनी मान खाली घातली आणि रोही लिहिले. खाली दोघांच्या सह्या झाल्या. नऊला ते तिला घेऊन निघाले. कागद दामिनीकडे गेला, कार्बनची प्रत वहीत राहिली. पुढे पेपरात चौकट आली की बेलसऱ्यावर पट्टकदंब परतले. दवाखान्यात चारुशीलेला कोणीतरी ती वाचून दाखवली. तिने नुसतं ऐकून घेतलं.

ते आकडे तिने आणले कुठून, हे कमलाकांतांना पावसाळ्यात कळलं. घरात करायला काही नव्हतं म्हणून ते जुन्या वह्या चाळत बसले होते. २०१६ सालच्या पानावर त्यांना तळाशी दिसलं: कोल्हा १, पाळीवर. रोही ३, तुरीत. त्यांनी दोन वह्या शेजारी ठेवल्या. एकतीसच्या एकतीस जाती त्याच क्रमाने होत्या आणि एकूण एक आकडा तोच होता. टिबुकली सतरा तर टिबुकली सतरा. त्या वर्षी जुईली सोबत आली होती. कोल्हा बघून ती केवढ्याने ओरडली होती आणि सगळी बदकं उठली होती, ते त्यांना आठवत होतं. चारुशीला धुक्यात बसून ती सकाळ ओळीने सांगत होती.

तेव्हापासून ते गप्प होते. गप्प राहण्यात काही बिघडत नव्हतं. आकडा एका कागदावर पडला होता, पडू दे. आज गाडीत कळलं की तो नुसता पडलेला नाही.

तलावावर पोचले तेव्हा ऊन नुकतं आलं होतं. धुक्याचा पत्ता नव्हता. पाळीच्या एका टोकाला मनोऱ्याचे चार खांब उभे झाले होते. खालच्या हरभऱ्यात गुलाम नबी बुजगावणं आडवं करून त्याच्याशेजारी बसला होता. हा त्याचा जुना रिवाज. पहिल्या वर्षी चारुशीलेने त्याला सांगितलं होतं की मोजणी होईपर्यंत बुजगावणं काढा आणि डबा वाजवू नका. तेव्हापासून दर वर्षी मोजणीच्या सकाळी तो ते आडवं करायचा आणि नऊ वाजता पुन्हा उभं करायचा. इंजिनही बंद होतं. पत्राची गोष्ट त्याच्या कानावर गेलेली होती, तरी ते बंद होतं.

"या, वकीलसाहेब," तो म्हणाला. कमलाकांत वकील नाहीत हे त्याला निदान दहा वेळा सांगून झालं होतं. कोर्टात होता म्हणजे वकील, यावर तो ठाम होता. त्याने चारुशीलेचं नाव काढलं नाही. बायकोने, शकीलाने, चहा पाठवला आहे एवढंच म्हणाला आणि थर्मास पुढे केला. दामिनीलाही दिला. दामिनीने घेतला, पण नबीकडे न बघता.

मोजणी सुरू झाली. दामिनी उभी राहून मोजायची, चारुशीलेपेक्षा भरभर बोलायची. कमलाकांत सतरंजीवर बसून लिहीत होते. आवाज वेगळा होता, नावं तीच. चक्रवाक, चौदा. शेकाट्या, नंतर, पलीकडून. पट्टकदंब म्हटल्यावर ती थांबली. दोनदा मोजून म्हणाली, "अठ्ठावन्न." त्यांनी लिहिलं. मागच्या आठवड्यात साठ, आज अठ्ठावन्न, ती म्हणाली. तिच्या आवाजात समाधान नव्हतं, पण पत्र पूर्ण झालं होतं.

शेकाट्या मोजायला ती पाळीवरून पलीकडच्या काठाला गेली. कमलाकांत खाली उतरून नबीजवळ जाऊन बांधावर बसले. नबी बुजगावण्याच्या सदऱ्याची सुटलेली गाठ बांधत होता.

"नबीभाई, गेल्या वर्षी कदंब किती होते हो?"

"कवा?"

"मोजणीच्या दिवशी."

"त्या दिवशी धुवारी होती."

"धुवारी गेल्यावर?"

नबीने गाठ पक्की केली. "धुवारी दहाले गेली. तुमी बाईले घेऊन नवालेच निंगून गेले होते. मंग म्या मोजले. साठ-सत्तर होते. माह्या हरभऱ्यात बसतात त मले मोजाच लागतात न, वकीलसाहेब. कोन किती खाऊन राहिलं, समजलं पायजे."

"मग दामिनीला सांगितलं काहून नाही?"

"काय सांगू? बाईनं चारशे बारा म्हटलं. पेपरात आलं. आता मी म्हणू का बाई खोटं बोलली म्हणून?" त्याने पलीकडच्या काठाकडे पाहिलं, दामिनी लांब होती. "शकीला रोज माह्या डोक्यावर बसून राहिली. जाय म्हणते, सांग म्हणते, वावर गेल्यावर सांगशील का म्हणते. मी तिले म्हटलं, मेलेल्या माणसाची उलटतपासणी होत नसते. बराबर हाये न? तुमाले कायदा माहीत."

"मी वकील नाही, नबीभाई. टायपिस्ट होतो."

"ते बी खरंच हाये," नबी म्हणाला. पहिल्यांदाच.

मग तो हळू आवाजात म्हणाला की बाईंचे डोळे मिटलेले त्यालाही दिसले होते. खुर्ची उचलायला तो पाळीवर चढत होता. बाई दमल्या आहेत असं त्याला वाटलं, म्हणून तो खालीच थांबला. कमलाकांतांनी मान हलवली. म्हणजे दोघांना माहीत होतं, आणि दोघंही वर्षभर तिची बाजू सांभाळत बसले होते. फरक इतकाच की त्यात कमलाकांतांचं काही जात नव्हतं. नबीचं वावर जात होतं.

दामिनी परत आली तेव्हा कमलाकांतांनी सतरंजीवर दोन वह्या उघडून ठेवल्या होत्या. त्यांनी फार काही सांगितलं नाही. हे २०१६, हे गेल्या वर्षीचं, वाच म्हणाले. दामिनी गुडघ्यावर बसली. तिने एका पानावर एक बोट ठेवलं, दुसऱ्यावर दुसरं आणि दोन्ही बोटं एकदम खाली नेऊ लागली. कोल्ह्यापाशी आल्यावर तिने बोटं काढून घेतली.

कमलाकांतांनी धुकं सांगितलं, मिटलेले डोळे सांगितले, आपण पाहिलं आणि तरी लिहिलं हेही सांगितलं. दोन वर्षांपूर्वीच्या पानावर पट्टकदंब पंच्याण्णव होते, त्याआधी दीडशे, त्याआधी दोनशेपाच. पक्षी दर वर्षी थोडे थोडे कमी होत आले होते. ते का, हे त्यांना माहीत नव्हतं. पण नबीच्या दोन एकरांमुळे एका वर्षात साडेतीनशे पक्षी गेले, हे घडलेलंच नव्हतं.

दामिनीने २०१६ ची वही मिटली. मग म्हणाली की पत्र ती देणार नाही, तो विषय संपला. पण आकड्याला हात लावायची गरज नाही. धुक्यामुळे नोंद शंकास्पद, एवढं लिहिलं तरी भागतं. पुष्कळ ठिकाणी असं लिहितात.

"धुकं होतं म्हणून तिला दिसलं नाही, असं नाही झालं," कमलाकांत म्हणाले. "ती पाहतच नव्हती."

"काका, हे लेखी दिलं तर लोक मॅडमच्या सगळ्याच आकड्यांवर बोट ठेवतील. एकोणीस वर्षांच्या. मनोऱ्याची पाटी रंगवून पडली आहे. मी काय सांगू लोकांना?"

कमलाकांतांना हीच भीती होती. पावसाळ्यापासून ते याच एका गोष्टीपाशी येऊन थांबत होते. ते म्हणाले, "अठरा वर्षं ती पाहत होती. एक दिवस नव्हती. त्या अठरांबद्दल कोणी विचारलं तर मी सांगेन की ती पाहत होती. पण या एकाबद्दल मी खोटं बोललो, तर त्या अठरांबद्दल माझं कोण ऐकेल?"

"आणि पाटी?"

"ती तुमची. लावा, नाही तर नका लावू. आकडा ठेवू नका."

त्यांनी गेल्या वर्षीच्या पानावर शेऱ्याचा रकाना शोधला. एकोणीस वर्षांत त्यात त्यांनी 'थंडी', 'वारा', 'पाणी कमी' याखेरीज काही लिहिलं नव्हतं. रकाना लहान होता, म्हणून समासात उभं लिहावं लागलं. त्यांनी कोर्टातल्यासारखं लिहिलं, एकेक गोष्ट वेगळी. सदर दिवशी धुके होते. पक्षी दिसत नव्हते. निरीक्षकाची प्रकृती बरी नव्हती व डोळे मिटलेले होते. सांगितलेले आकडे सन २०१६ चे आहेत. नोंद करणाऱ्याने हे पाहिले होते व तरीही नोंद केली. सबब सर्व आकडे रद्द समजावेत. खाली सही, तारीख. मग थोडा विचार करून त्यांनी पुढे एक ओळ वाढवली: २०१६ चे आकडे बरोबर आहेत.

दामिनीने पानाचा मोबाइलवर फोटो काढला. एक हललेला निघाला म्हणून पुन्हा काढला.

नऊ वाजायला आले होते. नबी बुजगावणं खांद्यावर घेऊन वाट पाहत उभा होता. कमलाकांतांनी त्याला हाताने थांबायला सांगितलं. त्यांनी पिशवीतून दुर्बीण काढली आणि वही दामिनीकडे दिली.

"आजचे कदंब मी एकदा मोजतो. तू लिही."

दुर्बीण चारुशीलेच्या नजरेला जुळवून ठेवलेली होती. त्यांना आधी सगळं पुसट दिसलं, मग चाक फिरवत फिरवत एक पक्षी स्वच्छ आला. राखाडी अंग, पांढरं डोकं, आणि डोक्यामागे दोन काळे पट्टे. त्यांनी दामिनीला वर्णन करून विचारलं की हाच का तो. हाच, ती म्हणाली. हे नाव त्यांनी दर वर्षी लिहिलं होतं. पट्टे दोन असतात हे त्यांना माहीत नव्हतं.

ते मोजू लागले. दहा झाले की थांबायचे, पुटपुटायचे आणि पुढे जायचे. त्यांना बराच वेळ लागला. मध्ये एकदा पक्षी सरकले आणि पहिल्यापासून सुरुवात करावी लागली. दामिनी पेन धरून उभी होती, मान खाली घालून.

"सत्तावन्न," ते म्हणाले.

"मला अठ्ठावन्न आले होते, काका."

"मग दोन्ही लिही."

"एक पक्षी कुठे गेला असेल?"

"अवो, थो एक इकडं हाये," खालून नबी म्हणाला. बुजगावणं अजून त्याच्या खांद्यावरच होतं. "माह्या हरभऱ्यात. केव्हाचा खाऊन राहिला. तुमचं लिवणं झालं असन त हाकलू का?"

कमलाकांतांनी दुर्बीण खाली वळवली. हरभऱ्याच्या हिरव्यात एक पांढरं डोकं वर आलं, इकडेतिकडे वळलं आणि पुन्हा खाली गेलं. दोन पट्टे स्पष्ट दिसले.

"अठ्ठावन्न," ते म्हणाले. दामिनीने लिहिलं.